नागपुरात रडू नको

१२ फेब्रुवारी १९५८, वाशीम

नागपूरहून काल परतले. आज शाळेत सातवीच्या मुलींना गेल्या आठवड्यातलीच कविता पुन्हा शिकवली आणि एकीनंही तसं सांगितलं नाही. माझा चेहरा बघून घाबरल्या असतील.

प्रबंध फेटाळलेला नाही, हे आधी लिहून ठेवते. दोन परीक्षकांपैकी एकांचा अभिप्राय चांगला आहे. दुसरे पुण्याचे. त्यांचं म्हणणं असं की, परिशिष्टातली गाणी फार घडीव आहेत. अक्षरओळख नसलेल्या लमाण बाईच्या तोंडी अशी रचना संभवत नाही. 'संशोधिकेनं ती स्वतः रचली असावीत किंवा मुळात बरीच भर घातली असावी.' माझ्या मार्गदर्शक सरांनी हे वाक्य मला वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत बसले.

"तोंडी परीक्षा एप्रिलच्या एकवीस तारखेला ठेवतोय," ते म्हणाले. "तुमच्या त्या गोमतीबाईंना घेऊन या. समितीपुढे त्यांनी एखादं गाणं म्हटलं की प्रश्न मिटला."

मी हो म्हणाले. तेव्हा सोपं वाटलं.

मोटारीत मात्र दुसराच विचार छळत होता. मी खरंच भर घातली नाही ना? जिथं शब्द नीट कळला नाही तिथं मी जवळचा वाटला तो घातला. तशा जागा थोड्या आहेत, तळटिपांत नोंदल्याही आहेत. पण उतरवून घेताना माझा हात काही गोष्टी आपोआप नीटनेटक्या करत असेल तर? पंधरा वर्षं मुलींचे निबंध तपासलेला हात आहे हा.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच तांड्यावर गेले. मालेगावच्या रस्त्याला उतरून बांधाबांधानं चालत जावं लागतं. तूर निघाली आहे, वावरं उघडी पडली आहेत.

गोमतीबाई गोधडीला ठिगळ लावत बसली होती. मी सगळं सांगितलं. पुण्याचे परीक्षक काय म्हणतात तेही सांगितलं. ती हसली.

"म्हंजे मी लबाड का तू लबाड?"

"मी."

"मंग तुह्यं तू पाह्य."

मी म्हटलं, तुम्ही एकदा नागपूरला येऊन ढावलो म्हटलं की काम होईल. तिनं सुई गोधडीत तशीच टोचून ठेवली.

"ढावलो म्हनत नाहीत, मास्तरीनबाई. ढावलो रडतात. लेक सासरी जाते तवा. उगामुगा रडलं तं घरातलं कोनी तरी जाते. घरात हेमलाचं लगन हाय वैशाखात. तुले समजत नाही का?"

हेमला तिची नात, तिच्या मुलाची, मदनसिंगची मुलगी. नवरी निघताना आईच्या, काकूच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून सुरावर जे रडते ते ढावलो, हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर आहे. मला समजत नाही असं नाही.

"मग मला कसं शिकवलंत?" मी विचारलं. "तेव्हा तर घरात लग्न नव्हतं. तीन वर्षं मला शिकवत होतात."

ती उठून शेळीला पाला टाकायला गेली आणि बराच वेळ आली नाही. निवेदिकेच्या, म्हणजे गाणी सांगणाऱ्या बाईच्या, बोलण्यात इथं विसंगती आहे. पूर्वी हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

तिनं शिकवलं तेही विचित्रच होतं. पहिल्या दिवशी मी वही काढली तर म्हणाली, "लिवून रडनं येते का? माहा गळा धर." डोक्यावरून पदर घ्यायला लावला, माझे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले आणि एकेक ओळ माझ्याकडून वदवून घेतली. सूर चुकला की पाठीत धपाटा. घरी येऊन आठवून उतरवायचं. पद्धत म्हणून शास्त्रीय नव्हे, पण दुसरा मार्ग नव्हता.

२ मार्च

बाबांना सांगितलं. बाबा गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आहेत. रिसोडची शेती भाऊ इंद्रभान बघतो. ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं आणि माझ्या चहाला नावं ठेवणं हा त्यांचा दिवस.

"तोंडी परीक्षा म्हंजे तोंडानंच बोलाचं ना?" ते म्हणाले. "मंग तुले कायचं भेव? शाळेत दिसभर बोलूनच राह्यतं तू."

मी गोमतीबाईचं सांगितलं तेव्हा मात्र गंभीर झाले. "बुढी नाही म्हनते तं सोड ना."

"सोडलं तर सहा वर्षं पाण्यात जातील, बाबा. आणि खोटी ठरेन ते वेगळंच."

त्यांनी विडी शिलगावली. मग म्हणाले, "तिच्या पोराले इचार."

हे त्यांनी सुचवलं नसतं तरी मी केलंच असतं, हेही खरंच लिहायला हवं.

९ मार्च

होळी झाल्याशिवाय तांड्यात कोणी कामाचं बोलत नाही. आज मदनसिंग भेटला. ऊसतोडीवरून होळीसाठी आला होता. त्याला माझ्याबद्दल आदर आहे. तांड्यात शाळा यावी म्हणून मी अर्ज लिहून दिला होता.

"तुमचं काम हाय अन् बुढी नाही कशी म्हनते? मी आनतो तिले. तुमी फिकर करू नका बाई."

मला फार हलकं वाटलं. गोमतीबाई आत होती. मी जाते म्हटल्यावर एरवी बांधापर्यंत येते, आज आली नाही. उन्हाचा त्रास होत असेल.

२३ मार्च

बाजाराला आलेली सोनीबाई, मदनसिंगची बायको, दुपारी घरी आली. ती कधी येत नाही. उंबऱ्याबाहेरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. पाणी प्यायली. हातातल्या हस्तिदंती चुड्यांशी चाळा करत राहिली.

"बाई, सासूले नेऊ नका."

"मदनसिंगनं तर..."

"त्याह्यले काय समजते. बुढी जेवत नाही. पाह्यटी उठून वाटेवर जाऊन बसते. रामीच्या टायमाले अशीच करे म्हनतात."

रामी कोण, हे मला आजच कळलं. गोमतीबाईची मुलगी. लग्न ठरलं होतं. गोमतीबाईनं तिला सगळा ढावलो शिकवून तयार केली होती, एक ओळ बाकी ठेवली नव्हती. लग्नाच्या आधी तांड्यात पटकी आली. पोरगी वांत्या होऊन एका दिवसात गेली.

"कधीची गोष्ट?"

"मी लगन होऊन आली नोती तवा. रामी राह्यली असती तं तुमच्याएवढी असती."

सोनीबाई गेल्यावर मी हे तिसऱ्या प्रकरणाच्या टिपणांत लिहून ठेवलं. शिकवण्याची परंपरा कधी खंडित होते याचं हे चांगलं उदाहरण आहे. मृत मुलीला शिकवलेली गाणी पुढे कुणाला शिकवता येतात का, हा विचारण्याजोगा प्रश्न. पण कुणाला विचारणार? गोमतीबाईला विचारायचं माझ्याच्यानं होणार नाही.

आज जेवण गेलं नाही. ऊन वाढलंय.

३० मार्च

बाबांनी परीक्षक व्हायचं ठरवलं आहे. डोक्याला रुमाल बांधून, छडी हातात घेऊन बसतात. मी संभाव्य प्रश्न लिहून दिले, ते अक्षर लावत वाचतात.

"लमाण इस्त्रियांच्या गीतांत... दुःखाचे... हे काय लिवलं?"

"सामाजिक कार्य."

"दुःखाचं काय कार्य राह्यते वो? दुःख ते दुःख."

मी उत्तर दिलं: ढावलोमुळं मुलीला लोकांसमोर, मोठ्यांसमोर, आपलं गाऱ्हाणं मांडायला मिळतं; एरवी तिला तोंड उघडायची मुभा नसते; या एका दिवशी ती बापाला, भावाला नावानं दोष देऊ शकते. बाबा ऐकत होते. मग छडी खाली ठेवून म्हणाले, "तू गेली तवा काही बोलली नाही. छकड्यात बसली अन् गेली." आणि विडीसाठी उठले.

माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं. सतराव्या वर्षी विषमज्वरानं नवरा गेला आणि बाबा मला परत घेऊन आले, शाळेत घातलं. त्यावर आम्ही कधी बोललेलो नाही. सराव तिथंच राहिला.

१३ एप्रिल, रविवार

ठरवलेलं असं की शनिवारी मदनसिंग गोमतीबाईला घेऊन वाशीमला येणार आणि रविवारी आम्ही निघणार. आज सगळं पक्कं करायला तांड्यावर गेले.

ती दारात बसली होती. आज तिनं पूर्ण साज चढवला होता: आरसे लावलेला फेटिया घागरा, कवड्यांची कांचळी चोळी, कानाशी चांदीच्या घुगऱ्या. लग्नकार्याशिवाय ती हे घालत नाही. आतलं शरीर इतकं वाळलं होतं की कपडे खुंटीला अडकवल्यासारखे दिसत होते. मला बघून उठली.

"चाल. मी तयार हाय."

"आज नाही, गोमतीबाई. पुढच्या रविवारी."

"मले वाटलं आज." ती पुन्हा खाली बसली. आत हेमला हळद कांडत होती. मुसळाचा आवाज मधेच थांबला, बहुधा आमचं बोलणं ऐकायला.

मी तिला सांगायला आले होते की, कुठली गाणी म्हणायची, कुठं थांबायचं, परीक्षकांनी काही विचारलं तर कसं बोलायचं. त्यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "तुम्ही येऊ नका. मी एकटी जाते."

हे मी का म्हणाले याची कारणं प्रवासाची दगदग, ऊन, तिची तब्येत, नागपुरात उतरायची सोय. ती सगळी कारणं आधीपासूनच होती.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मंग तुहा कागुद?"

"बघू."

"नापास करतीन तुले."

"करू देत."

तिनं माझी हनुवटी धरली. तांड्यात लहान मुलांना धरतात तशी. "आयक. मी सांगतो ते कर. लिवलं हाय ते वाच. भांडाचं तं भांड. पन तठी रडू नको. माहं शिकोलेलं नागपुरात रडू नको. समजलं? ज्या पोरीनं ढावलो रडला ते मंग घरची राह्यत नाही."

मी वचन दिलं. अंधश्रद्धेचा मान ठेवायला माझं काय जातं?

परतताना मोटारीत बसल्यावर लक्षात आलं: आता माझ्याजवळ पुरावा म्हणून काहीही नाही.

१८ एप्रिल

सरांना तार केली: गायिका येऊ शकत नाही. त्यांचं उत्तर आलं: पुन्हा विचार करा.

झोप नीट लागत नाही. वाटतं, मी मोठेपणाच्या नादात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. एकदा असंही मनात आलं की मदनसिंगला निरोप पाठवावा, तो आणेल. लिहितानासुद्धा लाज वाटते, पण आलं होतं.

२२ एप्रिल, नागपूर

झालं. क्रमानं लिहिते.

काल साडेदहाला बोलावलं होतं. वाळ्याचे पडदे लावलेली खोली, तरी उकाडा. टेबलापलीकडे तिघे: सर, नागपूरचेच दुसरे प्राध्यापक आणि पुण्याचे परीक्षक. ते मला वाटले होते तसे खाष्ट नव्हते. ठेंगणे, सर्दी झालेले, सौम्य आवाजाचे गृहस्थ. त्यानं अधिकच भीती वाटली.

पहिला तास बरा गेला. लमाणांचा व्यापार गेला तेव्हा गाण्यांत काय बदललं, मीठ आणि धान्य वाहणारे बैल गेले तरी गाण्यात बैल का उरले, यावर मी नीट बोलले. मग पुण्याच्या परीक्षकांनी परिशिष्टाचं पान उघडलं.

"गायिका आलेल्या नाहीत."

"नाहीत. मीच नको म्हटलं."

"का?"

"ही गाणी मुलीच्या निरोपाखेरीज म्हणत नाहीत. त्यांच्या घरात लग्न आहे. त्या यायला तयार झाल्या होत्या, पण त्यांच्या मनाविरुद्ध."

"बाई, तुमच्या भावनेचा मला आदर आहे. पण मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पाहा. 'माझ्या जागेवर कुत्रं निजू देऊ नको, आई, जागा अजून ऊन आहे.' मूळ तुम्ही शेजारी दिलं आहे. सगळ्या ओळी सारख्या मापाच्या, आणि नेमकी इथं ओळ मधे तुटते. चांगल्या कवीला सुचावी तशी. अशी जागा निरक्षर बाईला सापडत नाही. ती लिहिणाऱ्याला सापडते."

"ती तुटत नाही," मी म्हणाले. "तिथं हुंदका आहे. श्वास घ्यावा लागतो. श्वासासकट ओळ पूर्ण होते."

"कागदावर तो दिसत नाही."

"कागदावर कसा दिसेल?"

"मग दाखवा."

त्यात उपहास नव्हता. खरंच त्यांना बघायचं होतं. मी उभी राहिले. नुसती चाल दाखवायची, रडायचं नाही, असं मनाशी म्हणाले. डोक्यावर पदर घेतला, कारण त्याशिवाय मला पहिला सूर लागत नाही. हातांना काय करावं कळेना. समोर खुर्ची होती, तिची पाठ धरली.

पहिल्या दोन ओळी चालीपुरत्या म्हटल्या. कुत्र्याची ओळ आली आणि श्वासाच्या जागी श्वास आलाच नाही. छकडा आठवला. आई माझ्या तोंडावर पदर दाबत होती, 'चूप, लोक काय म्हनतीन.' मी चूप बसले होते. किती वर्षं झाली. ते सगळं तिथं, त्या खोलीत, तीन परक्या पुरुषांसमोर वर आलं. मी थांबू शकले नाही. ओळी मात्र चुकल्या नाहीत, एकामागून एक येत राहिल्या. बापाची आली, भावाची आली, अंगणातल्या रांजणाची आली. शेवटपर्यंत रडले.

शिपायानं पाणी आणून ठेवलं होतं. कधी आणलं कळलं नाही.

पुण्याच्या परीक्षकांनी परिशिष्ट मिटलं. "हे तुम्ही कशा शिकलात?"

"त्यांच्या गळ्यात पडून."

"माझा आक्षेप मी मागे घेतो," ते म्हणाले आणि नाक पुसलं. सर्दीच असावी.

पदवीची शिफारस झाली आहे. बाहेर सर मनापासून बोलले. इथल्या एका मुलींच्या महाविद्यालयात जूनपासून मराठीची जागा आहे, ती मला मिळेल, असंही म्हणाले. मी आनंदी असायला हवं. पण मला असं वाटतंय की, मी एकही गोष्ट सिद्ध केली नाही. दुःखाच्या सामाजिक कार्यावर मी तीन वर्षं लिहिलं आणि शेवटी नुसतं रडून पास झाले. वचन मोडलं ते आणखी वेगळं.

२६ एप्रिल, वाशीम

बाबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. नागपूरच्या जागेचं सांगितलं तेव्हा लगेच म्हणाले, "जा ना मंग. मी जातो रिसोडले इंद्रभानकडं. अठी माहा जीव लागतच नाही. वावर पाह्यलं की बरं वाटते."

मला वाटलं होतं ते अडवतील. मनावरचं ओझं उतरलं. त्यांना इथं करमत नव्हतं तर आधीच बोलायचं.

४ मे, रविवार

हेमलाचं लग्न. पहाटेच गेले. आजच्या गर्दीत गोमतीबाईला गाठायला नको, असंच मनात होतं. पण तिनंच मला गाठलं. डाळीच्या पातेल्याशी उभी होती, माझ्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "रडली तू."

"हो."

"कोनाच्या गळ्यात?"

"कुणाच्याच नाही. खुर्ची होती."

ती डाळ ढवळत राहिली. तिला राग आला असं मी समजले. दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी हेमला निघाली. सोनीबाईच्या गळ्यात, आजीच्या गळ्यात, एकेकीच्या गळ्यात पडून तिनं ढावलो केला. मी वही नेली नव्हती. तिनं कुत्र्याच्या आणि बापाच्या ओळीच्या मधे कुठली तरी नवीच ओळ घातली, ती ध्यानात राहिली नाही.

वरात गेल्यावर मीही निघाले. नागपूरचं कुणाला सांगितलं नव्हतं. बांधापाशी मागून घुगऱ्यांचा आवाज आला. गोमतीबाई उन्हात अनवाणी येत होती.

"कवा जातं?"

"कुठं?"

"कुठीबी. जातच असशीन."

"जूनमध्ये. नागपूरला. नोकरी लागली."

तिनं मान हलवली. "खुर्चीले काय समजते," ती म्हणाली. "ये. गळा धर."

मी धरला. आता शिकायचं काही उरलं नव्हतं. मी पहिली ओळ सुरू केली, आणि ती संपते न संपते तोच तिनं वरून सूर लावला. तिचा आवाज इतका चढू शकतो हे मला माहीत नव्हतं. ती माझ्या ओळीला उत्तर देत होती. मी म्हणे, ती उत्तर देई. आईची बाजू. तीन वर्षांत तिनं मला ती एकदाही शिकवली नव्हती, आहे असंही सांगितलं नव्हतं. चौथ्या प्रकरणात मी ठाम लिहिलंय की ढावलोत आई मुकी असते.

प्रकरण चूक आहे आणि प्रबंध मंजूर झाला आहे. तिनं हा भाग माझ्यापासून का राखून ठेवला आणि आजच का म्हटला, ते मला नीट उलगडत नाही. तिचे शब्द बरेचसे आठवतात. ते मी उतरवून घेतलेले नाहीत आणि घेणार नाही.

शेवटी तिनं माझे हात स्वतःच्या गळ्यातून सोडवले, माझं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि पाठीवर थाप मारली. "मागं पाहू नको, विजू." तिनं मला नावानं पहिल्यांदाच हाक मारली.

घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर होते. माझे डोळे बघून उठून उभे राहिले.

"कोन गेलं?"

"कोणी नाही, बाबा. मीच जाऊन राह्यली."

ते तसेच उभे होते. मग त्यांनी हात पुढे केले, धड कसे करायचे ते ठाऊक नसल्यासारखे, आणि मी त्यांच्या गळ्यात पडले.

"मले रिसोडले करमत नाही, माय," ते म्हणाले. "अठीच बरं हाय मले. पन तू जा."